पन्नास मीटरची दोरी

सहादू भोये मैदान आखायला बसला की त्याच्या आड येऊ नये, हे शाळेच्या आवारातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. शेजारी फक्कीचं घमेलं, मुठीत पांढरी धूळ, उकिडवा बसून तो मागे मागे सरकत रेघ ओढायचा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या दत्तू शिपायावर ओरडायचा, "ताण! अजून ताण! जेवला नाय का?"

"जेवलो म्हणून तर उभा हाय," दत्तू म्हणायचा. "तुझ्या दोरीपायी एक दिवस इथंच मरंन. मग माझ्यावरूनच रेघ मार."

"वाकडी येईल. तू सरळ कुठं हायेस?"

हे संवाद मी माझ्या खिडकीतून पंधरा वर्षं ऐकले. नाटकांच्या दौऱ्यांत पस्तीस वर्षं काढून मी १९९० साली नाशिकला कायमचा आलो तेव्हा माझे गुडघे गेले होते आणि आवाज तेवढा शिल्लक होता. एका सरकारी हायस्कूलच्या मैदानासमोर दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच डिसेंबरात शाळेनं मला क्रीडादिनाला लाउडस्पीकरपुढे बसवलं. शर्यत सुटण्यापूर्वी पोरांची नावं पुकारायची, एवढंच काम. मी एकेक नाव असं पुकारायचो की जणू हा पोरगा शंभर मीटर धावायला नाही, राज्याभिषेकाला निघाला आहे. सहादूला ते फार आवडलं. तो मला आप्पा म्हणायला लागला आणि संध्याकाळी चहाला येऊन बसायला लागला. त्यानं सांगितलेलं आणि मी पाहिलेलं, असं मिळून हे लिहितो आहे.

सहादू सुरगाण्याकडचा. शाळेच्या कुंपणाची भिंत बांधायला मजूर म्हणून आला आणि भिंत झाल्यावर परत गेलाच नाही. त्याला शिपाई म्हणून ठेवून घेतलं ते वेणीमाधव गायधनी सरांनी. गायधनींचं घराणं पुरोहितांचं. सरांचे वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. सरांनी मंत्र सोडले आणि शिट्टी धरली. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची पोरं सरकारी वसतिगृहात राहून या शाळेत यायची. "यांना धावायला शिकवावं लागत नाही," सर म्हणायचे, "थांबायला शिकवावं लागतं." त्या पोरांच्या जिवावर शाळेचं नाव जिल्ह्यात झालं होतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीला या शाळेचा पोरगा उभा राहिला की बाकीच्या शाळांचे मास्तर आपल्या पोरांना सांगायचे, दुसऱ्या नंबरासाठी धावा.

व्हरांड्यात एक मोठा काळा फळा होता. जिल्ह्याला गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यावर पांढऱ्या रंगात. जिंकला की हरला हा प्रश्न नव्हता. गेला, एवढं पुरे. पण जाणं सोपं नव्हतं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर घड्याळ लावून धावायचं. पंधराशे मीटर, मुलग्यांना चार मिनिटं पस्तीस सेकंद, मुलींना पाच मिनिटं वीस. याला शाळेत 'वेळ देणं' म्हणत. वेळ दिली तर जिल्हा. नाही दिली तर पुढच्या वर्षी या. एकदा एका आमदाराचा भाचा दोन सेकंदांनी राहिला. सरांनी त्याला पाठवला नाही. ती गोष्ट सहादू मला इतक्या वेळा सांगायचा की शेवटी शेवटी मीच त्याला तिचे संवाद आठवून द्यायचो.

आणि ही सगळी वेळ मोजली जायची एका दोरीवर. नायलॉनची हिरवी दोरी, विहिरीला असते तशी. एका टोकाला लोखंडी कडी. पन्नास मीटरवर एक गाठ आणि तिच्या बरंच अलीकडे, लाल चिंधी बांधलेली दुसरी. सरळ बाजू पन्नासाच्या गाठीनं मोजायची. मग खुंटीत कडी अडकवून लाल गाठीवर अर्धा गोल फिरवायचा, की वळणही पन्नास मीटरचं. दोन बाजू, दोन वळणं, दोनशे मीटरचा ट्रॅक. पंधराशेला साडेसात फेऱ्या.

दसऱ्याला शाळेत शस्त्रांची पूजा व्हायची. शस्त्रं म्हणजे गोळा, थाळी, भाला, सरांचं घड्याळ, शिट्टी आणि मधोमध ही दोरी, वेटोळं करून ठेवलेली, वर झेंडूचा हार. सर हळदकुंकू वाहायचे आणि दोरी सहादूच्या हातात द्यायचे. म्हणायचे, "ताठ धर."

सर १९९२ साली निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. त्यांची जागा रिकामी राहिली. सरकारदरबारी जागा रिकामी राहण्यात जी सहजता असते ती मी रंगभूमीवर कुणाच्या अभिनयात पाहिली नाही. कागदावर चित्रकलेचे मास्तर क्रीडाप्रमुख झाले. ते फक्त सह्या करायचे. मैदान सहादूकडे आलं. शिट्टी त्यानं उचलली, घड्याळ त्यानं उचललं. शिपायाच्या खाकी कपड्यात तो सकाळी सहाला पोरांना पळवायचा, साडेदहाला घंटा द्यायचा आणि दुपारी साहेबांना पाणी न्यायचा. स्वतः तो आयुष्यात कधी शर्यत धावला नव्हता. जे सरांनी केलं ते तसंच करायचं, हा त्याचा अभ्यासक्रम. दसऱ्याला पूजाही तोच करायचा. दोरीला हार घालायचा, दत्तूच्या हातात टोक द्यायचा आणि सरांच्या आवाजात म्हणायचा, "ताठ धर."

फळ्यावरचं शेवटचं नाव होतं केरू गावित, १९९५. त्याच्याखाली काळा रंग.

दरवर्षी दसरा यायचा, शनिवार यायचा, पोरं धावायची आणि राहायची. कुणी चार सेकंदांनी, कुणी सहा. लोकांना कारणं देण्याचा कंटाळा नव्हता. मास्तर म्हणाले, वसतिगृहाचं जेवण बिघडलं. पालक म्हणाले, टीव्ही आला. दत्तू म्हणाला, "आता एस्टी गावात जाते. पोरांचे पाय बसून राहिले." मी म्हणालो, काळच उतरला आहे, आमच्याकडेही आता कुणाला तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज पोचवता येत नाही. सगळे बरोबर वाटत होते. सहादू मात्र स्वतःला दोष द्यायचा. "सरांचं मैदान मी हलगर्जीनं आखतो," तो म्हणायचा, आणि पुढच्या वर्षी दोरी आणखी ताणायचा.

१९९८ साली नाथा नावाचा एक पोरगा चार सेकंदांनी राहिला. तो मैदानावरच आडवा पडून रडला. सहादू त्याच्या शेजारी बसला होता. त्याला उठवत नव्हता, हात लावत नव्हता. संध्याकाळी माझ्याकडे येऊन चहा न पिताच गेला.

तर आता २००४.

मुख्याध्यापिका संपदा निकुंभ मॅडम नव्या आलेल्या. बाई कामसू, तोंडानं स्पष्ट. दसऱ्याच्या पूजेला आल्या, दोरीला हात जोडले आणि सहादूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मामा, तुम्हाला आधी सांगते. संगणक खोल्यांची इमारत मंजूर झाली आहे. वरून विचारलंय, मैदान वापरात आहे का? नऊ वर्षांत एक मूल जिल्ह्याला गेलेलं नाही. मी काय लिहू?"

"लिहा, ह्या वर्षी जाणार," सहादू म्हणाला.

"कोण?"

"मोहिनी."

मोहिनी नववीत होती. हरसूलच्या पलीकडची, वडील भातशेती करून दिवाळीनंतर द्राक्षबागेच्या कामाला उतरणारे. काटकुळी, कमी बोलणारी पोरगी. धावताना तिचे पाय वाजायचे नाहीत. मी खिडकीत बसून डोळे मिटले तर बाकीच्यांची पावलं ऐकू यायची, हिची नाही. सहादू तिला पहाटे सहाला उठवायला वसतिगृहाच्या दारात उभा राहायचा, तर ती आधीच पायरीवर बसलेली.

"एखादी जरी गेली तर मी तसं लिहीन," मॅडम म्हणाल्या. "इमारत मागच्या बाजूला सरकवता येते का तेही विचारीन. पण नाव तर हवं."

तो शनिवार मला लख्ख आठवतो. सहादूनं आदल्या दिवशी स्वतः ट्रॅक आखला होता. दत्तूचे हात सोलून निघाले होते. मी खुर्ची घेऊन कडेला बसलो. मॅडमही आल्या. मोहिनीबरोबर दोन मुलगे सोडले, वेग राहावा म्हणून. पाच फेऱ्यांपर्यंत सगळं ठीक होतं. सहाव्या फेरीला सहादूनं घड्याळ पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "उचल! पोरी, उचल!" तिनं उचललं. शेवटच्या फेरीला तिनं दोन्ही मुलग्यांना मागे टाकलं. रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली.

पाच मिनिटं सव्वीस.

मग मॅडम म्हणाल्या, "मामा, सहा सेकंद. मी फॉर्मवर सही करते, जाऊ द्या तिला. तिकडं कोण विचारतंय?"

मी त्या बाईंना मनातल्या मनात नमस्कार केला. मोहिनीनं मान वर केली. तिच्याकडे मॅडम पाहत नव्हत्या, मी पाहत होतो. सहादू फक्कीच्या रेघेकडे पाहत होता.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "सरांनी आमदाराच्या भाच्याला पाठवला नाय. माझ्या हातून हे व्हायचं नाय."

"अहो, तुमचंच मैदान जाईल!"

"गेलं तर सरळ जाऊ द्या."

मोहिनीनं चपला उचलल्या आणि वसतिगृहाकडे चालायला लागली. मी सहादूला हाक मारली, त्यानं ऐकली नाही. खरं सांगतो, त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला. टाळ्यांची जागा वाटली. चूक माझीही होती.

पुढच्या गुरुवारी फॉर्म बंद झाले. त्यानंतरच्या शनिवारी इमारतीची मोजणी करायला दोन माणसं आली, पोलादी टेप घेऊन. फक्कीच्या रेघा अजून ताज्या होत्या. त्यातल्या एकानं सोय म्हणून ट्रॅकच्या सरळ बाजूला टेप लावला आणि विचारलं, "मामा, ही लाइन कितीची?"

"पन्नास."

"एक्कावन्न पन्नास दाखवतंय."

"टेप खोटा हाय तुमचा."

माणूस हसला. "मामा, टेपवर सरकारी शिक्का आहे."

"सरकारी शिक्क्याचं मला नको सांगू. मी तीस वर्षं सरकारी हाय." सहादूनं दत्तूला हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं. दुसरा टेप उसना आला. दुसराही तेच बोलला. मग सहादूनं आतून दोरी आणली, जमिनीवर पसरली आणि तिच्याशेजारी टेप धरला. पन्नासाची गाठ एक्कावन्न मीटर पन्नास सेंटिमीटरवर होती.

मोजणीवाला बिचारा चांगला होता. "नायलॉन आहे मामा. ताणत राहिलात तर लांबतंच. किती वर्षांची आहे?"

"पंचवीस."

"मग तर कमीच लांबलीय."

सहादू खाली बसला. दत्तूच्या तोंडून पहिल्यांदाच विनोद निघाला नाही. मी खोलीतून खाली उतरलो तोवर सहादूनं पायरीवर खडूनं गणित मांडलेलं होतं. प्रत्येक फेरी सहा मीटर जास्त. साडेसात फेऱ्यांना पंचेचाळीस मीटर. मोहिनी पंधराशे पंचेचाळीस मीटर धावली होती. भागाकार त्याला येईना. तो मी केला. पंधराशेला तिची वेळ पाच मिनिटं सोळा, फार तर सतरा.

"म्हणजे दिली," सहादू म्हणाला. "पोरीनं वेळ दिली. चार सेकंद राखून दिली, आप्पा."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. सरांच्या पत्नी मालिनीबाई दारातच भेटल्या. सहादूनं दोरी त्यांच्यापुढे धरली आणि एवढंच विचारलं, "बाई, सरांच्या वेळी ही लांबत नव्हती?"

"लांबायची की," बाई म्हणाल्या. "दरवर्षी नवरात्रात घरी आणायचे ना ते. बांधकाम खात्यातल्या मित्राचा टेप मागून आणायचे. ओसरीत गाठी सोडायच्या, मोजायच्या, पुन्हा बांधायच्या. मी चहा घेऊन उभी आणि हे जमिनीवर पालथे. म्हणून तर दसऱ्याला तिची पूजा. तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी?"

सरांनी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नसेल. सहादूनं जे उघड्यावर पाहिलं ते सगळं जपलं, हार, हळदकुंकू, 'ताठ धर'. ओसरीतलं त्यानं पाहिलंच नव्हतं. उलट सरांची गाठ म्हणून ती गाठ त्यानं बारा वर्षांत एकदाही सोडली नव्हती. चिंधी फाटली तेव्हा जुन्या चिंधीवर नवी गुंडाळली, गाठीला धक्का न लावता.

सोमवारी मॅडमनी पत्र लिहून दिलं. सहादू ते घेऊन स्पर्धेची नावं घेणाऱ्या कारकुनाकडे गेला. कारकुनानं पत्र दोनदा वाचलं. "भोये, दोरी लांबली असं कारण फॉर्मात कुठल्या रकान्यात लिहू?"

"कुठंबी लिहा. पोरगी पात्र हाय."

"गुरुवारी यायचं होतं."

"गुरुवारी मला ठाऊक नव्हतं!"

"मग मला कसं ठाऊक असणार? गट पाडून झाले, यादी छापायला गेली." तो माणूस काही दुष्ट नव्हता. त्यानं सहादूला पाणी दिलं. यादी मात्र बदलली नाही.

आता मोहिनीला सांगायचं होतं. दिवाळीची सुट्टी एका दिवसावर आली होती. सहादू म्हणाला, "आप्पा, तुम्ही सांगा. तुम्हाला बोलता येतं." मी नकार दिला. काही वाक्यं ज्याची त्यानंच म्हणायची असतात. वसतिगृहाच्या पायरीवर त्यानं सांगितलं, अडखळत, दोरीपासून सुरुवात करून. मी चार पावलं मागे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम सोडत होत्या."

"हो."

"तुम्हीच नाय म्हणालात, मामा."

"हो."

"मंग आता कशाला सांगताय?"

सहादू पायरीवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मलाही प्रॉम्प्ट करता आलं नाही. मग तीच म्हणाली, "नीट मोजा. उद्या परत धावते."

मोजणीवाल्यानं टेप एक दिवसासाठी वापरायला दिला. सहादूनं आणि दत्तूनं जुन्या रेघा पायानं पुसल्या आणि टेपनं नव्या मारल्या. नवं मैदान आत सरकलेलं, थोडंसं आक्रसलेलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोहिनी एकटी धावली. बघायला सहादू, दत्तू, मी आणि शाळेचं कुत्रं. साडेसात फेऱ्या. सहादूनं घड्याळ दाबलं आणि तिच्यापुढे धरलं. पाच मिनिटं सोळा.

तिनं आकडा पाहिला. "आता हे कुणाला दाखवायचं?" असं म्हणून ती दप्तर आणायला गेली. तिची एस्टी दहाची होती.

नोव्हेंबरअखेर जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. पेपरात आतल्या पानावर निकाल आले. मुली, पंधराशे मीटर: पहिली पाच पंधरा, दुसरी पाच बावीस, तिसरी पाच चोवीस. सहादूनं ते कात्रण कापलं आणि खिशात ठेवलं. ते कात्रण मग त्यानं मला किती वेळा दाखवलं याची गणती नाही. चहा ठेवला की खिशात हात. "दुसरी आली असती, आप्पा. डोळे मिटून दुसरी." मी म्हणायचो, "सहादू, कात्रण फाड." तो ते पुन्हा घडी करून ठेवायचा.

मोहिनीचा हिशेब निदान लागला. बाकीच्यांचा लागत नव्हता, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होता. त्याच्या वहीत सगळ्यांच्या वेळा होत्या. पण दोरी काही एका रात्रीत लांबली नव्हती. २००१ साली ती किती होती? ९८ साली किती? कुणावर अन्याय झाला आणि कोण खरोखरच कमी पडला, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. "मला नक्की कळलं असतं तर पाय धरले असते," तो म्हणायचा. "हे अर्धवट घेऊन कुणाच्या दारात जाऊ?"

तरी तो एकदा गेला. जानेवारीत मला घेऊन पिंपळगाव बसवंतला. नाथा तिथं द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्रेट टेम्पोत चढवायच्या कामावर होता. लग्न झालेलं, अंग भरलेलं. सहादूनं त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. नाथा आधी नुसता ऐकत राहिला, मग खो खो हसायला लागला.

"मामा, मी घरी सांगितलं होतं, मी वेळ दिली म्हणून! म्हटलं, शाळेनंच पाठवलं नाय. बाप अजून साऱ्या गावाला सांगतो. सहा वर्षं झाली, खोटं बोललो म्हणून जिवाला लागून राहिलं होतं. खरंच निघालं व्हय?"

"नक्की नाय सांगता येत, बाबा."

"नक्की नसू द्या. अर्धं जरी खरं असलं तरी लय झालं." त्यानं दोन किलो द्राक्षं आमच्या पिशवीत घातली. परतीच्या गाडीत मला वाटलं, आता तरी हा माणूस हलका होईल. सहादू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "चार सेकंद. दोनच टक्के लांबली असती तरी बसला असता." आणि द्राक्षांना त्यानं हात लावला नाही.

इमारत झालीच. मॅडमनी पत्रात सगळं खरं लिहिलं होतं, पण वरच्या उत्तरात फक्त कामाला सुरुवात करण्याची तारीख होती. उन्हाळ्यात खड्डे खणले तेव्हा उत्तरेकडचं वळण गेलं. दोनशे मीटरच्या ट्रॅकचा एक सरळसोट पट्टा तेवढा उरला. सहादूनं स्वतःच्या पैशानं पोलादी टेप आणला आणि कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर पंधराशे मीटर मोजले, तीन वेळा, तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसाला टोक धरायला लावून. दत्तू म्हणाला, "आता कालवा लांबला तर?" सहादूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आठवडाभर विनोद करायचा थांबला.

मोहिनी दहावीत होती. सहादूशी ती बोलायची, पण कामापुरतं. २००५ च्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी तिनं कालव्यावर वेळ दिली, पाच अठरा. फॉर्म सहादूनं मुदतीच्या अकरा दिवस आधी नेऊन दिला आणि पोच घेतली. आम्ही सगळे स्टेडियमवर गेलो, मॅडमसुद्धा. मोहिनी पाच सतरामध्ये धावली आणि चौथी आली. त्या वर्षी पोरी दमदार होत्या. पहिल्या तीनच पुढे जायच्या.

"मागल्या वर्षी हीच वेळ दुसरी होती," सहादू म्हणाला.

"मामा," मोहिनी घाम पुसत म्हणाली, "ते कात्रण आता तरी फेका. मी गेले ना जिल्ह्याला? नियमात एवढंच हाय."

नियमात एवढंच होतं. फळ्यावर नाव लागणार होतं, दहा वर्षांनी. पण पेंटरची वाट पाहता पाहता जानेवारी उजाडला. शेवटी पेंटरलाही कंटाळून सहादूनं स्वतःच ब्रश घेतला. केरू गावितच्या खाली, अक्षरं थोडी चढती गेली, पण नाव लागलं. मी काठी टेकत व्हरांड्यात गेलो तेव्हा तो मागे सरकून बघत होता, मैदान आखल्यावर बघायचा तसा.

"आप्पा," तो म्हणाला, "एकदा पुकारा ना. क्रीडादिनाला पुकारायचे तसं."

"इथं? माईक नाही."

"तुम्हाला कधी लागला?"

पंधरा वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी काठी भिंतीला लावली, छाती भरून घेतली आणि तिसऱ्या रांगेच्याही पलीकडे जाईल अशा आवाजात सुरू केलं, "सन दोन हजार पाच! जिल्हा स्पर्धा! पंधराशे मीटर! आपल्या शाळेची—"

खाडकन शेजारचं दार उघडलं आणि चित्रकलेचे मास्तर बाहेर आले. "आप्पा! अहो, दहावीची सराव परीक्षा चालू आहे!"

मी तोंड मिटलं. नाव राहिलं ते राहिलंच. आतल्या मुली फिदीफिदी हसत होत्या, आणि त्या हसण्यात एक आवाज मोहिनीचा होता असं सहादूचं म्हणणं आहे. मला तो ओळखू आला नाही. सहादूनं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि पुटपुटला, "तीन सेकंद थांबला असता तर काय बिघडलं असतं मास्तरचं."